पंखा आणि तबकडी

लॅपटॉप घरी आल्यावर मालकाची त्याच्याविषयीची पहिली तक्रार बहुधा वेगाची नसते, किमतीचीही नसते. ती असते त्याच्या पंख्याच्या आवाजाची. दिवसा हा आवाज रस्त्याच्या आणि घराच्या गलबल्यात बुडून जातो. रात्री घर निजल्यावर कोणी भाषांतराचे काम घेऊन बसलेला असतो, कोणी उत्तरपत्रिकांचे गुण भरीत असतो, आणि अशा वेळी टेबलावरून एक बारीक, चढत जाणारी घरघर सुरू होते. क्षणभर थांबते, पुन्हा सुरू होते. अखेर त्या माणसाच्या मनात येते, की हा पंखा आपल्या ताब्यात असता तर किती बरे झाले असते!

ही इच्छा पुरी होण्यासारखी आहे. विंडोजवर चालणाऱ्या संगणकांसाठी आल्फ्रेदो मिलानी कॉम्पारेत्ती या इटालियन गृहस्थांनी लिहिलेला ‘स्पीडफॅन’ हा प्रोग्रॅम बराच काळ प्रसिद्ध होता. ॲपलच्या यंत्रांसाठी आणि लिनक्ससाठीही असे प्रोग्रॅम आहेत. ते बसविले, चार आकडे लिहिले, की पंखा मालकाचे ऐकू लागतो आणि खोलीत शांतता पसरते. परंतु पंखा गप्प झाला म्हणून यंत्रातील उष्णता गप्प होत नाही. ती कोणाला तरी सोसावी लागतेच. ती कोणाला सोसावी लागते, हा प्रश्न मात्र शांततेच्या आनंदात सहसा विचारला जात नाही.

मालकाने हात घालण्यापूर्वी पंख्याचा कारभार कोण पाहत असते, हे आधी समजून घेतले पाहिजे. लॅपटॉपच्या मुख्य पाटीवर ‘एम्बेडेड कंट्रोलर’ नावाची एक लहान चिप असते. कळफलक, बॅटरी, झाकण उघडले की मिटले, अशा किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवर तिची नजर असते आणि पंखाही तिच्याच अखत्यारीत येतो. तिच्याजवळ कारखान्यात लिहून दिलेले एक कोष्टक असते. अमुक अंशावर पंखा सुरू करावा, तमुक अंशावर वेग वाढवावा, आणि उष्णता त्याहून काही अंश खाली उतरल्याखेरीज वेग कमी करू नये, असे त्यात सांगितलेले असते. चढण्याचा आकडा आणि उतरण्याचा आकडा मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात. ते एकच असते, तर त्या एका अंशाच्या उंबरठ्यावर पंखा सारखा चालू-बंद होत राहिला असता. रात्रीची घरघर ज्यांना छळते, त्यांच्या यंत्रात पुष्कळदा हे अंतरच अपुरे असते.

ही चिप प्रामुख्याने प्रोसेसरकडे पाहते. त्यात नवल नाही. लॅपटॉपमधील बहुतेक उष्णता तेथेच जन्म घेते. तांब्याची एक चपटी नळी ती उष्णता उचलून कडेच्या पातळ पत्र्यांच्या जाळीपर्यंत नेते आणि पंखा त्या जाळीतून हवा बाहेर फेकतो. शिवाय प्रोसेसर स्वतःची काळजी घेण्यास समर्थ असतो. तापमान शंभर अंशांच्या आसपास गेले, की तो आपला वेग आपणच कमी करतो, आणि तेवढ्याने भागले नाही तर यंत्र बंद पडते. मालक चिडतो, पण प्रोसेसर वाचतो.

हार्ड डिस्कला ही सोय नाही. तिला काम हळू करता येत नाही, कारण तिच्या तबकड्या ठरलेल्या एकाच वेगाने फिरावयाच्या असतात. तिच्या कुशीत एक तापमापक असतो खरा. त्याचा आकडा ती विचारणाऱ्याला सांगते. पण विचारले नाही तर ती बोलत नाही. आणि सर्व यंत्रात पैसे देऊन पुन्हा आणता न येणारे असे जे काही असते, ते तिच्याच पोटात असते. प्रोसेसर बिघडला तर दुसरा मिळतो. आजीच्या आवाजात मुद्रित केलेल्या जात्यावरच्या ओव्या, वाड्यातील दप्तराची घेतलेली छायाचित्रे, दहा वर्षे खपून जमविलेला शब्दसंग्रह, यांना बाजारात पर्यायी भाग मिळत नाहीत.

या उपकरणाचा वंश पाहिला, तर त्याचे आणि हवेचे नाते जन्मापासूनचे आहे असे दिसते. १९५६ साली आयबीएम कंपनीने रॅमॅक हा संगणक जाहीर केला. रेनॉल्ड जॉन्सन यांच्या नेतृत्वाखाली कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे तयार झालेले त्याचे चकती-भांडार हे आजच्या सर्व हार्ड डिस्कचे मूळ होय. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकाच दांड्यावर मिनिटाला १,२०० फेरे घेत आणि सगळ्या मिळून सुमारे ५० लक्ष अक्षरे साठवीत. लिहिणारे-वाचणारे शीर्ष तबकडीला टेकू नये म्हणून त्याखाली दाबलेल्या हवेचा झोत सोडावा लागे आणि त्यासाठी स्वतंत्र कॉम्प्रेसर चालवावा लागे. आज लॅपटॉपमधील अडीच इंची डिस्क तळहातावर मावते. तिच्या तबकड्या मिनिटाला ५,४०० फेरे घेतात, काहींच्या ७,२००. फिरण्यानेच उत्पन्न झालेल्या हवेच्या थरावर शीर्ष तरंगत राहते, आणि तबकडीपासूनचे त्याचे अंतर काही नॅनोमीटर इतकेच असते. कॉम्प्रेसर गेला, हवा राहिली. ही हवा बाहेरूनच येते. डिस्कच्या आवरणावर गाळणी बसविलेले एक सूक्ष्म छिद्र असते आणि ते झाकू नये अशी सूचना शेजारी छापलेली असते. डिस्क हवाबंद आहे अशी सर्वसाधारण समजूत असते, ती या जातीच्या डिस्कपुरती तरी चुकीची आहे. ती श्वास घेते. दमट हवेचा विचार पुढे करावयाचा आहे, त्या वेळी हे छिद्र ध्यानात ठेवावे लागेल.

अडीच इंची डिस्क स्वतः फारशी उष्णता निर्माण करीत नाही. काम करीत असता ती दोनेक वॉट वीज घेते. प्रोसेसर त्याच्या कित्येक पट घेतो. म्हणजे डिस्कचा ताप हा मुख्यतः शेजाऱ्यांचा ताप असतो. ती बहुधा तळव्याखालच्या कोपऱ्यात, प्लास्टिकच्या एका कप्प्यात असते. एका बाजूस बॅटरी, दुसऱ्या बाजूस मुख्य पाटी, खाली टेबल किंवा, अनेक घरांत, गादी. पंख्याची हवा जाते ती प्रोसेसरच्या जाळीतून. डिस्कच्या वाट्याला फटींतून ओढली जाणारी हवाच येते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते, आणि पंख्याचे आकडे ठरविणारे बहुतेक लोक येथेच फसतात. पंख्याचा वेग वाढविला, की प्रोसेसरचे तापमान काही सेकंदांत उतरते. डिस्कचे मात्र दहा-वीस मिनिटे फारसे हलत नाही. ती धातूची जड वडी आहे. सावकाश तापते, सावकाश निवते. तेव्हा जो पंखा केवळ प्रोसेसरकडे पाहून चालतो आणि तो निवताच थांबतो, तो डिस्कला निवण्यास अवधीच देत नाही. संध्याकाळभर प्रोसेसर ५५ अंशांच्या आतबाहेर सुखाने असतो, पंखा मालकाच्या आज्ञेप्रमाणे गप्प असतो, आणि यंत्राच्या पोटातील कोंडलेली उष्णता हळूहळू त्या कोपऱ्यात साचत जाते. दोन तासांनी डिस्कचा आकडा पाहावा, तर तो ५३ वर गेलेला असतो.

५३ अंश वाईट की चांगले? उत्पादकांच्या पत्रकात अडीच इंची डिस्कसाठी वरची मर्यादा साधारणतः ६० अंश सेल्सिअस लिहिलेली असते. म्हणजे हा आकडा नियमात बसतो. पण मर्यादेच्या आत असणे आणि दीर्घायुषी असणे या दोन गोष्टी एक नव्हेत. आणि या प्रश्नावर जाणत्यांतही मोठा मतभेद झालेला आहे.

उष्णता हा डिस्कचा शत्रू, ही समजूत जुनी. तिला पहिला मोठा धक्का दिला तो २००७ साली. एदुआर्दो पिन्हेइरो, वुल्फ-डीट्रिख वेबर आणि लुईझ आंद्रे बारोसो या गूगलमधील तिघांनी आपल्या संस्थेतील एक लक्षाहून अधिक डिस्कची नोंद तपासली आणि तिचे निष्कर्ष एका परिषदेत मांडले. परिषद भरली होती सॅन होजेलाच. डिस्कच्या जन्मगावी तिच्या मृत्यूची चिकित्सा व्हावी, हा एक योगायोग. त्यांना आढळले ते असे, की मधल्या टप्प्यात तापमान वाढले म्हणून डिस्क अधिक मरतात असे दिसत नाही. उलट फार थंड ठेवलेल्या डिस्कच अधिक प्रमाणात निकामी झालेल्या दिसतात. हा निष्कर्ष पुष्कळांना इतका आवडला, की ‘उष्णतेने काही होत नाही’ अशा अर्धवट स्वरूपात तो सर्वत्र पसरला. त्याच निबंधातील दुसरा अर्धा भाग मागे राहिला: अति उच्च तापमानात, आणि विशेषतः तीन वर्षांहून जुन्या डिस्कमध्ये, उष्णतेबरोबर मृत्यूचे प्रमाण वाढलेलेच दिसले होते. लॅपटॉपच्या मालकाची डिस्क बहुधा जुनी असते, आणि ती वातानुकूलित दालनातही नसते. त्याच्या उपयोगाचा होता तो नेमका मागे राहिलेला भाग.

पुढे २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टमधील श्रीराम शंकर, मार्क शॉ आणि कुशाग्र वैद यांनी आपल्या दालनांतील डिस्क तपासून नेमका उलट निर्वाळा दिला. सरासरी तापमान आणि डिस्कची हानी यांचा संबंध स्पष्ट आहे, आणि तापमानातील चढउतारांपेक्षा सरासरीच अधिक महत्त्वाची आहे, असे त्यांचे म्हणणे. एकाच वर्षानंतर, २०१२ मध्ये, टोरांटो विद्यापीठातील नोसैबा एल-सायेद, बियांका श्रोडर आणि त्यांचे सहकारी यांनी लिहिले, की तबकडीवरील न वाचता येणाऱ्या जागांपुरते पाहिले तर सरासरीपेक्षा चढउतारच अधिक ठळक परिणाम करतात. विद्वानांचे एकमत होईपर्यंत थांबावे, असा हा प्रश्न नाही. हे सर्व अभ्यास मोठ्या दालनांतील डिस्कचे आहेत. तेथील हवा यंत्रांनी राखलेली असते. तेथे कोणी डिस्क मांडीवर घेऊन बसत नाही आणि झाकण मिटून पिशवीतही टाकीत नाही. त्यांतून घरच्या यंत्रासाठी घेण्यासारखे आहे ते एवढेच, की ३० ते ४५ अंशांच्या दरम्यानच्या डिस्कची चिंता करीत बसू नये, ती आणखी थंड करण्यासाठी धडपडू नये, पण ५० च्या वर तिला दिवसच्या दिवस राहू देऊ नये, आणि तिचा आकडा दर तासाला वरखाली नाचवू नये.

इतके म्हटल्यावर नागपूरचा विचार करणे प्राप्त होते. हॅम्बुर्गच्या एखाद्या घरात खोलीचे तापमान २२ अंश असते, आणि खोलीच्या हवेपेक्षा डिस्क १५ अंशांनी अधिक तापली, तर ती ३७ वर राहते. नागपुरात मे महिन्यात बाहेरचा पारा ४५ च्या वर जातो. बंद खोलीत दुपारी ४० धरले, तरी तेच १५ अंश मिळविल्यावर डिस्क ५५ वर पोहोचते. यंत्र तेच, काम तेच, पंख्याचे कोष्टक तेच. दिल्ली, ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील मराठी घरांची उन्हाळ्यातील स्थिती थोड्याफार फरकाने हीच. येथे पंख्याविषयीचे एक साधे सत्य पुढे येते: पंखा हवा हलवितो, ती थंड करीत नाही. खोली ४० अंशांवर असेल, तर जगातील कोणताही पंखा डिस्कला ४० च्या खाली आणू शकत नाही. तो फार तर ते १५ अंशांचे अंतर आठ-दहावर आणील. म्हणून अशा गावी पंख्याच्या आकड्यांइतकेच घड्याळाच्या आकड्यांना महत्त्व आहे. हजारो छायाचित्रे एका जागेहून दुसरीकडे उतरविणे, सबंध डिस्क तपासून घेणे, असली तासन्‌तास चालणारी कामे पहाटे उरकावीत. विदर्भातील शेतकरी उन्हाळ्यात नांगरटही पहाटेच उरकतो.

विदर्भातच आणखी एक मोह असतो, तो वाळ्याच्या ताट्यांच्या कूलरचा. यंत्र तापले, की ते उचलून कूलरच्या तोंडासमोर ठेवणे अगदी स्वाभाविक वाटते. कूलरची हवा थंड असते खरी, पण ती पाणी पिऊन आलेली असते. २०१६ साली रटगर्स विद्यापीठातील आणि मायक्रोसॉफ्टमधील संशोधकांनी नऊ दालनांतील दहा लक्षांहून अधिक डिस्कची नोंद अभ्यासली. त्यांना असे आढळले, की बाहेरची हवा आत घेणाऱ्या दालनांत डिस्कच्या हानीशी तापमानापेक्षाही हवेतील आर्द्रतेचा संबंध अधिक आहे, आणि ही हानी बरीचशी डिस्कच्या जोडण्यांत व नियंत्रक पाटीत होते. म्हणजे धातू गंजतो. तेव्हा कूलर खोली निववील तेवढा निववू द्यावा. त्याच्या झोतात यंत्र ठेवू नये. कोकणात आणि गोव्यात तर पावसाळ्यात प्रश्न तापाचा नसून दमटपणाचाच असतो. मुंबईत वातानुकूलित कचेरीतून थंडगार झालेला लॅपटॉप बाहेरच्या ओल्या हवेत आणला, की चष्म्याच्या काचेवर जसे बाष्प धरते, तसेच त्याच्या अंगावर धरते. पूर्वी सांगितलेले छिद्र येथे आठवावे. घरी पोहोचताच यंत्र सुरू न करता पाऊण तास पिशवीतच राहू दिले, तर काही बिघडत नाही. तापलेली डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून शीतकपाटात ठेवण्याचा एक उपायही लोक एकमेकांना सांगत असतात. तो कोणी सांगितल्यास ऐकून घ्यावा आणि करू नये.

आता पंख्यावर प्रत्यक्ष ताबा घेण्याविषयी. यासाठी थिंकपॅड या यंत्रमालिकेचे उदाहरण चांगले आहे, कारण तिच्याविषयीची माहिती उघड आहे आणि तिच्यातील जुनी यंत्रे आपल्याकडे दुसऱ्या हाताने पुष्कळ विकत घेतली जातात. ही मालिका १९९२ साली आयबीएमने सुरू केली आणि २००५ पासून ती लेनोव्हो कंपनीकडे आहे. लिनक्समध्ये या यंत्रांच्या खास कळा, दिवे आणि पंखा चालविणारा प्रोग्रॅम २००४ च्या सुमारास बोरिस्लाव्ह देयानोव्ह यांनी लिहिला. पुढे एन्रिके द मोराइस होल्शुह या ब्राझिलियन गृहस्थांनी तो सांभाळला आणि वाढविला. त्यात पंख्याला शून्य ते सात असे आठ वेग देता येतात. परंतु हे वेग मालकाला सहजासहजी मिळत नाहीत. पंख्याचा ताबा मुळात बंद ठेवलेला आहे. तो हवा असेल, तर मालकाने तसे स्पष्टपणे मागावे लागते. ही सावधगिरी पाहून अनेकांना राग येतो. तो अनाठायी आहे. ज्या माणसाला आकड्यांचा अर्थ ठाऊक नाही, त्याच्या हाती शून्याचा आकडा देणे म्हणजे काय, हे त्या लेखकाने ओळखले होते.

त्याहून विचारपूर्वक केलेली दुसरी एक योजना त्यात आहे. समजा, पंख्याचा वेग ठरविणारा मालकाचा प्रोग्रॅम मध्येच बंद पडला. पंखा शेवटच्या आज्ञेवरच अडून राहील. ती आज्ञा ‘थांब’ अशी असेल, तर थांबूनच राहील. म्हणून एक राखणदार बसविता येतो. ठरावीक सेकंदांत, अधिकात अधिक १२० सेकंदांत, मालकाकडून नवी आज्ञा आली नाही, तर तो पंखा आपण होऊन चालू करतो. जो कोणी पंख्याला हात लावील, त्याने सर्वांत आधी हा राखणदार जागा आहे ना, हे पाहावे. वेगाचे आकडे त्यानंतर.

ते आकडे ठरविताना डिस्कचे तापमान वाचावे लागते. डिस्क आपल्या प्रकृतीची जी नोंद ठेवते तिला ‘स्मार्ट’ असे नाव आहे, आणि बहुतेक डिस्कमध्ये तीत १९४ क्रमांकाच्या रकान्यात तापमान असते. लिनक्समध्ये २०२० पासून हा आकडा इतर तापमापकांच्या रांगेतच वाचता येतो. यात एक गंमत आहे. काही डिस्क अशा असतात, की त्यांना तापमान विचारले तर त्यांची झोपेची घटका पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते. दर पाच सेकंदांनी कोणी नाडी पाहू लागला, तर रोग्याला झोप लागावी कशी? तो जागा राहतो, जागरणाने तापतो, आणि ताप वाढला म्हणून वैद्य अधिकच वेळा नाडी पाहतो. डिस्कसारख्या सावकाश तापणाऱ्या वस्तूचे तापमान मिनिटातून एकदा पाहिले तरी पुरे.

विश्रांतीचाही अतिरेक होऊ शकतो. २००७ च्या अखेरीस उबुंटू या लिनक्सच्या प्रकाराविषयी मोठा गवगवा झाला होता. बॅटरी वाचविण्यासाठी डिस्क आपले शीर्ष वरचेवर कडेच्या उतरंडीवर नेऊन ठेवते, आणि लिहिण्या-वाचण्याचे काम आले की पुन्हा तबकडीवर आणते. कित्येक लॅपटॉपमध्ये हे इतक्या वेळा घडत होते, की शीर्षाच्या जाण्या-येण्याची मोजदाद भराभर वाढत चालली होती. अडीच इंची डिस्कसाठी उत्पादक सहसा अशा सहा लक्ष फेऱ्यांची हमी देतात. आकडा मोठा वाटतो; पण मिनिटाला दोनदा आणि दिवसाला आठ तास असा हिशेब केला, तर दिवसाच्या ९६० फेऱ्या होतात आणि सहा लक्ष फेऱ्या ६२५ दिवसांत, म्हणजे दोन वर्षांच्या आत संपतात. उपाय सोपा होता: डिस्कला ही विश्रांती नाकारणे. तो अनेकांनी केला, आणि मग दुसरीच तक्रार आली, की डिस्क पूर्वीपेक्षा गरम राहते. ज्यांनी त्याच सुमारास शांततेसाठी पंखाही मंद केलेला होता, त्यांच्या बाबतीत दोन्ही उपाय एकमेकांच्या खांद्यावर चढले. असे दोन बदल एकाच दिवशी करू नयेत. एक करावा, आठवडाभर आकडे पाहावेत, मग दुसऱ्याचा विचार करावा.

आकड्यांबाबत एक सर्वसाधारण घडी सांगता येईल. प्रोसेसर कितीही थंड असो, डिस्क ४५ च्या वर असेल तर पंखा पूर्ण थांबता कामा नये. मंद का होईना, तो चालूच असावा. ४८ च्या वर मधला वेग, ५२ च्या वर पुरा. खाली उतरताना प्रत्येक पायरीला चार-पाच अंशांची सवलत ठेवावी, म्हणजे वेग सारखा बदलत नाही. आणि त्रास होतो तो बदलत्या आवाजाचा. मंद, एकसुरी आवाज कान पाच मिनिटांत विसरतो. पूर्ण शांतता मागणाऱ्याने हा सौदा करून पाहावा. बहुतेकांना तो पटतो.

हे सर्व आकडे लिहिण्यापूर्वी एक काम करावयाचे असते, आणि तेच सर्वांत शेवटी केले जाते. पंखा आणि ती पत्र्यांची जाळी यांच्या मधे दोन-तीन वर्षांत धूळ आणि सुताचे तंतू यांची गादी जमते. कांबळ्याच्या तुकड्यासारखी ती अखंड बाहेर निघते. तिच्यामागे पंखा पूर्ण वेगाने फिरला, तरी हवा पुढे जात नाही. आवाज होतो, काम होत नाही. घाटमाथ्यावरच्या गावांत ही गादी लाल मातीची असते, शहरांत काळसर. ती काढली, की कोष्टकाला हात न लावताही पंखा खाली येतो, असे पुष्कळदा दिसते. हे काम एखाद्या दुरुस्तीच्या दुकानात थोडक्या पैशांत होते. यंत्राच्या पोटाखालच्या खाचा गादीने किंवा उशीने बुजू न देणे याला तर तेवढेही पैसे लागत नाहीत.

इतकी काळजी घेतलेली डिस्कही एक दिवस जाते, आणि ती पूर्वसूचना देईलच असे नाही. गूगलच्या त्याच २००७ च्या निबंधात एक आकडा आहे, जो तापमानाच्या वादात झाकला गेला: निकामी झालेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी आपल्या नोंदीतील चार महत्त्वाच्या लक्षणांपैकी एकही लक्षण दाखविले नव्हते. तेव्हा १९४ च्या रकान्यात ३८ हा आकडा पाहून निश्चिंत होण्यात अर्थ नाही. दुसरी प्रत हवीच, आणि ती दुसऱ्या यंत्रावर हवी.

नव्या लॅपटॉपमध्ये आता फिरणारी तबकडी बहुधा नसते; तिच्या जागी एसएसडी आलेली आहे. तीत फिरणारे काहीच नाही, आणि फार तापल्यास ती प्रोसेसरप्रमाणे आपला वेग आपणच कमी करते. त्यामुळे पंख्याचा जुना तंटा तिच्या बाबतीत बराच मिटतो. पण ओव्यांची आणि छायाचित्रांची दुसरी प्रत म्हणून हीच एसएसडी जेव्हा भरून, यंत्रापासून सोडवून, कपाटात ठेवली जाते, तेव्हा उष्णतेचा प्रश्न वेगळ्या रूपाने परत येतो. तिच्यातील अक्षरे विद्युत्‌भाराच्या रूपाने असतात आणि वीज न मिळाल्यास तो भार हळूहळू झिरपून जातो. जागा जितकी उष्ण, तितका लवकर. सर्वसाधारण ग्राहकाच्या एसएसडीसाठी जेडेक या मानक ठरविणाऱ्या संस्थेची अपेक्षा अशी आहे, की लिहिण्याची ठरलेली सगळी क्षमता संपून गेल्यावरही तिने विजेविना ३० अंशांवर एक वर्ष मजकूर सांभाळावा. नवी असेल तर ती पुष्कळ अधिक काळ सांभाळते. पण पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर मे महिन्यात ३० अंश नसतात. तेव्हा ती प्रत माळ्यावरच्या ट्रंकेत न ठेवता खालच्या खोलीतील आतल्या भिंतीच्या कपाटात ठेवावी, आणि वर्षातून एकदा, दिवाळीची आवराआवर चालू असते तेव्हा म्हणा, तासभर यंत्राला जोडून सगळ्या फाइली उघडतात ना, ते पाहून घ्यावे.